साधारण तेवढंच

माझे भाऊजी वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यात तान्ही बाळं ठेवून बघतात तेसुद्धा. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, पिशवीत लाकडी पेटी, आणि पेटीत मखमलीच्या खोबणीत बसवलेली पितळी वजनं. ती वजनं ते कधी उघड्या हाताने धरत नाहीत, बोटाच्या घामानेही फरक पडतो म्हणतात. मी म्हणायचे, भाऊजी, तो फळवाला पारड्यावर अख्खा अंगठा ठेवून मापतो, तिथे तुमच्या घामाचं काय घेऊन बसलात. त्यावर ते "हं" म्हणायचे. "हं" हे भाऊजींचं मोठ्यातलं मोठं भाषण. काटा दुरुस्त झाला की वजन ठेवतात, काटा थरथरायचा थांबेपर्यंत वाट बघतात आणि "बरोबर आहे" म्हणतात. दिवसभरात बाकी कोणाशी काही बोलत असतील असं मला वाटत नाही.

अशा माणसाशी माझ्या ताईने लग्न केलं. ताई पाणीपुरवठा ऑफिसात होती, तक्रारींना उत्तरं देण्याच्या टेबलावर. उत्तर ठरलेलं असायचं: आपली तक्रार मिळाली, कारवाई सुरू आहे. दोन ओळी. ताईला दोन ओळींत श्वाससुद्धा घेता यायचा नाही. एका बाईच्या नळाला गढूळ पाणी येत होतं, तिला ताईने दीड पान लिहिलं. टाकी कधी धुतली, कुठला व्हॉल्व्ह गंजलाय, पाणी उकळून गार कसं करावं, आणि शेवटी, तुमच्या मुलाचा खोकला आता कसा आहे. साहेबांनी बोलावून चांगलंच झापलं. ती बाई मात्र नळ सुधारल्यावरही तक्रारी पाठवत राहिली.

ऑफिसात दोन ओळींवर अडवलेलं सगळं ताई घरी येऊन कॉम्प्युटरवर ओतायची. मिळून गोष्टी लिहिणाऱ्या लोकांचा एक मंच आहे. एकाने एक पात्र घ्यायचं, दुसऱ्याने दुसरं. एकाने आपल्या पात्राचं लिहायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, की गोष्ट पुढे सरकते. अशा एका गोष्टीला ते लोक धागा म्हणतात. ताईचा धागा तीन वर्षं चालला होता. एक मालवाहू जहाज, कुठल्याच बंदराला न लागणारं, आणि ताई त्यावरची स्वयंपाकीण. ही ताई, जिचा चहा पाहुणे एकदाच प्यायचे, ती तिकडे चाळीस खलाशांचा स्वयंपाक करत होती. समोरच्याचं पात्र होतं जहाजाचा इंजिनवाला. तो खरा कोण, बाई की बुवा, तरुण की म्हातारा, आम्हाला ठाऊक नव्हतं. ताईने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. खरं म्हणजे आम्हाला तो सगळा पोरखेळ वाटायचा. मी तिला तोंडावर म्हटलंही होतं, की चाळिशी उलटली, आता भातुकली पुरे.

मागच्या वर्षी ताई अकरा दिवसांत गेली. आधी साधा ताप, मग फुफ्फुसं. माझं कपडे आल्टर करायचं छोटं दुकान आहे. ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी ते उघडलं. वाटलं होतं हात थरथरतील, रडू येईल. काही झालं नाही. सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. संध्याकाळपर्यंत सहा पँटी आखूड केल्या आणि एकही चुकली नाही. लोक म्हणाले, धीराची आहेस. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, आपलाच पण आपला नसलेला, तशी मी सगळीच झाले होते.

भाऊजींचंही तेच होतं. मी दर रविवारी दुपारी डबा घेऊन जायचे. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि खिडकीतून दिसणारी छापखान्याची मागची भिंत. कॉम्प्युटर बोळकांडीत, चपलांच्या रॅकशेजारी. त्याच्यासमोर ताईची खुर्ची, तिच्यावर ताईनेच कापून शिवलेली वेडीवाकडी गादी. भाऊजी ओट्याशी उभ्यानेच पाव आणि उकडलेलं अंडं खायचे, बशी धुवायचे, पुसायचे, जागेवर ठेवायचे. कामाला एक दिवस खाडा नाही. विचारलं, कसे आहात, तर "हं". मी डबा ठेवायचे, मागचा रिकामा डबा घ्यायचे आणि निघायचे. पूर्वी आमच्या दोघांच्या वाटचं ताईच बोलायची.

अशाच एका रविवारी गेले तर भाऊजी ताईच्या खुर्चीत बसले होते. हातात पेन्सिल, समोर वही, आणि वहीत चार उभ्या रेघा एक आडवी, चार उभ्या एक आडवी, असं पानभर. काय मोजताय म्हटलं, तर म्हणाले, "शब्द."

मग त्यांच्याकडून एकेक शब्द ओढून काढत मी जे काढलं ते असं. ऑफिसच्या कागदपत्रांसाठी त्यांनी ताईचा मेल उघडला होता. त्यात मंचाची सूचना आलेली होती: या धाग्यावर दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर धाग्याला कुलूप लागेल. एकवीस दिवस एका बाजूने काही आलं नाही की तिकडे कुलूप लागतं, असा नियम. भाऊजींनी धागा उघडला. इंजिनवाल्याने शेवटी लिहिलं होतं की वादळ सरलंय, हातातलं टाकून वर ये, तुला काहीतरी दाखवायचंय. भाऊजी बसले ते ताई गेल्याचं कळवायला. पण लिहायच्या चौकोनावर स्वयंपाकिणीचं नाव होतं. तिथे जे लिहाल ते स्वयंपाकीण बोलली असं दिसणार. "ती गेली" असं तिच्याच तोंडून कसं वदवायचं, ते भाऊजींना सुचेना. आणि काहीच लिहिलं नाही तर परवा कुलूप.

मंचावर नवीन लोकांसाठी सूचनांचं एक पान आहे: उत्तर किती लांब असावं? गंमत म्हणजे ते पान ताईनेच लिहिलेलं. किती लांब असावं हे सांगायला बाईने हजारभर शब्द घेतले होते. भाऊजींनी वरचा पहिला नियम वाचला आणि वहीत उतरवून घेतला: समोरच्याने जेवढं लिहिलं, साधारण तेवढंच आपण लिहावं. पुढचं वाचलं नाही. वजनकाटेवाल्याला एवढं पुरे होतं, फक्त "साधारण" म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. इंजिनवाल्याचे शब्द मोजले, चारशे बारा भरले. मग भाऊजींनी चारशे बारा शब्दांचं उत्तर लिहिलं.

मी ते वाचलं. स्वयंपाकिणीने भटारखाना आवरायला काढला होता. मोठं पातेलं, झाकणासकट साडेचार किलो. मधलं, दोन किलो आठशे. पळी, तीनशे दहा ग्रॅम, दांड्याचा खिळा पडल्याने पाच ग्रॅम कमी. असं चारशे बारा शब्द. शेवटी सगळी भांडी जागेवर गेली, दिवा मालवला, दार लावलं, स्वयंपाकीण झोपली.

मला संताप आला, ताई गेल्यानंतर पहिल्यांदाच. एका माणसाला तुम्ही मेलेल्या बाईच्या नावाने फसवताय, म्हटलं. भाऊजींनी होकारार्थी मान हलवली. लाज वाटत नाही का, विचारलं. म्हणाले, "कुलूप लागलं असतं." मी म्हटलं, लागू दे. तेव्हा ते माझ्याकडे न बघता, पेन्सिल वहीला समांतर ठेवत म्हणाले, "तिथे ती अजून आहे, धाकटे. बाकी सगळीकडून तिचं नाव मीच काढलंय."

रेशन कार्ड, बँक, ऑफिस, दारावरची पाटी. खरंच सगळीकडून त्यांनी स्वतः काढलं होतं. कोणी काढा म्हणायच्या आधी. मी डबा ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

इंजिनवाल्याचं उत्तर आलेलं होतं, तीनशे पाच शब्दांचं. आज भटारखान्यातून भांड्यांचा आवाज येत होता, तो ऐकत मी इंजिनाला तेल घातलं, वगैरे. दाखवायच्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. भाऊजींना तीनशे पाच हवे होते. मी म्हटलं, सरका, मी लिहिते, ती माझी बहीण आहे. ताईसारखं लिहायला घेतलं आणि पंचेचाळीस शब्दांत संपले. आखूड कपडा लांब करायचा तर आत माया सोडलेली लागते, जास्तीचं कापड. ती ताईकडे पुष्कळ होती. आमच्या दोघांकडे टाका उसवला तर थेट अंगच.

मग आम्ही दर रविवारी मागचा धागा वाचायला लागलो, ताई काय लिहायची ते बघायला. तीन वर्षांचा धागा, सहाशेच्यावर उत्तरं. दुसऱ्याच रविवारी मला मी सापडले. भटारखान्यात कांदे सोलणारी एक धाकटी होती. ती कायम सुरीशी भांडायची, कांद्याशी भांडायची, आणि कोणाचं दुखलंखुपलं तर सगळ्यात आधी पळायची. भाऊजीही होते. जहाजाचा सुकाणूवाला, जो कधी बोलत नाही. स्वयंपाकीण रोज त्याला वर चहा नेऊन द्यायची, दिवसभराचं सगळं सांगायची, आणि तो समुद्राकडे बघत "हं" म्हणायचा. भाऊजींनी ते वाचलं, पडदा पुढे सरकवला, मागे सरकवला, पुन्हा वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही हललं नाही. माझ्यातही नाही. कळलं सगळं, पण आत पोचलं नाही.

आता निदान लिहायला सामान मिळालं. आठवड्यात जे घडेल ते आम्ही जहाजावर चढवायचो. माझ्या दुकानात एक जण लग्नाचा कोट सैल करून घ्यायला आला आणि आरशात बघून लग्नच पुढे ढकलावं म्हणाला, तो खलाशी झाला. भाऊजींच्या मासळीवाल्याचा काटा मांजरीने पाडला, ती जहाजाची मांजर झाली. मी सांगायचे, भाऊजी टाइप करायचे, दोन बोटांनी, आणि शेवटी पेन्सिलीने मोजायचे. चार शब्द जास्त झाले की चार काढायचे. मी म्हणायचे, भाऊजी, तो काही तुमचा माल तोलून घेत नाहीये. ते म्हणायचे, नियम आहे. आणि दर वेळी शेवटी दार लावायचे, दिवा मालवायचे, स्वयंपाकिणीला झोपवायचे. उघडं काही टाकून उठणं त्यांच्याच्याने होत नसे.

पण इंजिनवाला आखडत चालला होता. तीनशे पाचनंतर दोनशे वीस. मग एकशे चाळीस. मग शहात्तर. भाऊजींनी वहीत हे आकडे एकाखाली एक लिहून ठेवले होते आणि शेजारी आपले, तेच. ज्या रविवारी एकतीस आले त्या रविवारी भाऊजींनी मला विचारलं, "कंटाळला असेल?" चार महिन्यांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, छे, कामात असेल. पण मलाही दिसत होतं. एकतीसनंतर दहा, दहानंतर काही नाही, आणि मग एकवीस दिवसांनी कुलूप. भाऊजींनी एकतीस शब्द लिहिले आणि पुढच्या वेळी जास्त चांगलं लिहू म्हणाले. जास्त चांगलं. हा माणूस काट्याशिवाय कशाला चांगलं म्हणत नाही.

तेवढ्यात खालून फळवाल्याची हाक आली, त्याचा काटा अडकला होता. भाऊजी पेटी घेऊन खाली गेले. मी ताईच्या खुर्चीत बसले. मंचावर धाग्याबाहेर खाजगी निरोप पाठवता येतो, ते मी बघून ठेवलं होतं. डोकं तापलं होतं माझं. लिहिलं:

"तुम्ही कोण ते मला माहीत नाही. स्वयंपाकीण लिहिणारी माझी बहीण चार महिन्यांपूर्वी वारली. आता लिहितात ते तिचे यजमान. तुम्हाला कंटाळा आला असेल तर एकदाच सांगून मोकळे व्हा. असं थेंब थेंब करून जाऊ नका. त्यांना ते झेपणार नाही."

बटण दाबलं. परत घ्यायची सोय शोधली, ती नव्हती. भाऊजी वर आले, फळवाल्याने दिलेली दोन सफरचंदं त्यांनी टेबलावर ठेवली. मी त्यातलं एक खाल्लं, चवीशिवाय, आणि काही न सांगता घरी आले. तो आठवडा मी ज्याला त्याला फाडून खात होते. एका गिऱ्हाइकाची बाही चक्क उलटी लावली.

पुढच्या रविवारी दार भाऊजींनीच उघडलं. रागावलेले दिसत नव्हते, पण भाऊजी रागावल्यावर कसे दिसतात ते मला कुठे माहीत होतं. त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. इंजिनवाल्याचं उत्तर आलं होतं आणि ते त्यांनी माझ्याआधी वाचलं होतं. माझा निरोपही त्याच्याखालीच होता.

इंजिनवाल्याने लिहिलं होतं: "मला पहिल्याच दिवशी कळलं. तीन वर्षांत स्वयंपाकिणीने एकाही पातेल्याचं वजन सांगितलं नव्हतं. वजनं कोणाला माहीत असतात तेही मला माहीत होतं. यजमानांच्या पेटीबद्दल त्या मला खूप सांगायच्या. मग मी शब्द मोजले. माझे चारशे बारा, त्यांचे चारशे बारा. तेव्हा समजलं, की मी जितकं लिहीन तितकं त्या माणसाला कुठून तरी आणून भरावं लागणार. म्हणून कमी करत आणलं. कंटाळून नाही. सूचनांचा शेवटचा परिच्छेद वाचा, तो तुमच्या बहिणीनेच लिहिलाय. स्वयंपाकिणीला ठेवायचं की उतरवायचं ते तुम्ही ठरवा. आमच्यात दुसऱ्याच्या पात्राला हात लावत नाहीत. ठेवलीत तर मी इंजिन चालू ठेवीन, चार शब्दांवर का होईना."

आम्ही सूचनांचं पान उघडलं. चार महिने आमच्यापैकी एकाही शहाण्याने ते खालपर्यंत वाचलं नव्हतं. अगदी तळाशी ताईने लिहिलं होतं: "आणि शेवटचं. समोरचा दमलाय असं वाटलं तर त्याला विचारत बसू नका. गुपचूप आपलंच थोडं कमी करा. म्हणजे त्यालाही कमी लिहावं लागेल आणि आपण मागे पडलो असं वाटणार नाही. दमलेल्या माणसाला 'तू दमलास' म्हटलेलं चालत नाही. आमच्या घरी एक आहे, म्हणून सांगते."

भाऊजी ओट्याशी जाऊन उभे राहिले. नळ सोडला, बंद केला. बशी धुतलेलीच होती, ती पुन्हा पुसली. मला वाटलं, विषय संपला. आता ते चार शब्द लिहीत राहणार, तिकडून चार येत राहणार, आणि हे दोघं ताईला असं चार-चार शब्दांवर जन्मभर तगवतील. वाईट नव्हतं ते. मीही होच म्हटलं असतं. कुलूप तर लागलं नसतं.

भाऊजी पाठमोरेच म्हणाले, "चार शब्दांवर ठेवायला ती चार शब्दांची नव्हती."

ते वळले आणि त्यांनी विचारलं, आता किती लिहू. मी म्हटलं, जेवढं असेल तेवढं लिहा, मोजू नका.

त्या आठवड्यात ते रोज कामावरून आल्यावर लिहीत होते, हे मला नंतर कळलं. रविवारी गेले तोवर पाठवूनही झालं होतं. वही बंद होती आणि पेन्सिल तिच्यावर. मी खुर्चीत बसून वाचलं. सुरुवात होती, "मी सुकाणूवाला बोलतो आहे." आणि मग अकरा दिवस. पहिल्या दिवशी ताप किती, दुसऱ्या दिवशी किती. कुठल्या मजल्यावर ठेवलं, खिडकीतून काय दिसायचं. भाऊजींनी कोणालाच सांगितलं नव्हतं ते, मलाही नाही. मी तर दवाखान्यात रोज अर्धा तास जायचे आणि दुकान उघडायला पळायचे. त्यांनी लिहिलं होतं:

"सातव्या दिवसापासून तिच्या तोंडावर मास्क होता. बोलता यायचं नाही. मग ती माझ्या तळहातावर बोटाने लिहायला लागली. मला अक्षर लागायचं नाही. तिला कळू नये म्हणून मी हं म्हणायचो. शेवटच्या दिवशी तिने खूप लिहिलं. खूप वेळ लिहीत होती. मला एक शब्द कळला नाही. मी हं म्हणालो. ती झोपली. स्वयंपाकीण आता जहाजावर नाही. मी तिला काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही."

एवढं वाचून मी खिडकीपाशी गेले. छापखान्याच्या भिंतीवर पाण्याच्या पाइपाचा गंज ओघळला होता, तो बघत उभी राहिले. भाऊजींनी चहा केला. त्यांचा चहा चांगला असतो.

तिकडून नऊ दिवस काही आलं नाही. दहाव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, भाऊजी माझ्या दुकानात आले. आजवर कधी आले नव्हते. हातात सायबर कॅफेत छापून आणलेले कागद होते. मी माप घेत होते, त्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. भाऊजी कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. कागदांच्या कडेला पेन्सिलीच्या रेघा होत्या, चार उभ्या एक आडवी. सवयीने मोजलेच होते. स्वतःचे न मोजता पाठवलेले, तेही आता मोजले होते.

"तेराशे सदतीस," म्हणाले. "माझेही तेवढेच."

कोणीतरी कुठेतरी नऊ दिवस बसून, शब्द काढून, शब्द घालून, ते जुळवलं होतं. "बरोबर आहे," भाऊजी म्हणाले. मग कागद माझ्यापुढे धरले. त्यांनी नुसते मोजले होते, वाचले नव्हते. एकट्याने वाचवेना म्हणून इतक्या लांब चालत आले होते. मी मोठ्याने वाचायला लागले.

इंजिनवाल्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, की वर ये, काहीतरी दाखवायचंय असं लिहिलं तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं. ती वर आली असती आणि तिला जे दिसलं असतं तेच ते. त्या दोघांचं तीन वर्षं असंच चालायचं, एकाने दार उघडं टाकायचं आणि दुसऱ्याने आत काय आहे ते ठरवायचं. त्यानंतर सगळं ताईचं होतं. धाग्याबाहेर तिने इंजिनवाल्याला जे जे सांगितलं होतं, ते त्याने आठवून, तिच्या शब्दांत लिहिलं होतं. भाऊजी तिच्या चहात साखर घालताना चमचा डोळ्यासमोर धरून बघतात. झोपेत कूस बदलतानाही आवाज करत नाहीत. एकदा तिला ऑफिसात फार बोलून घेतलं, तर त्यांनी काही न बोलता तिच्या हातात पेटीतलं सगळ्यात लहान वजन ठेवलं, उघड्या हातावर, आणि ते तिला दिवसभर ठेवू दिलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मग हे आलं. "एकदा मी त्यांना विचारलं होतं, की तुमचा सुकाणूवाला कायम एकाच शब्दात उत्तर देतो, याचा कंटाळा येत नाही का. त्यांनी लिहिलं, मंचावर मी नवीन लोकांना शिकवते की उत्तर समोरच्याएवढं असावं. पण घरी मी हजार शब्द बोलते आणि तो हं म्हणतो, आणि मला कधी कमी मिळालं असं वाटलेलं नाही. त्याला कळलं नसेल तरी तो हं म्हणतो, मला माहीत आहे. मी त्याला कळावं म्हणून सांगतच नाही. तो तिथे आहे ना, एवढंच मला बघायचं असतं."

मी थांबले. एरवी इथे "हं" आलं असतं. आलं नाही. मान वर केली तर भाऊजी दोन्ही तळहात उघडे मांडीवर ठेवून रडत होते, आणि समोरची अक्षरं पुसट झाली तेव्हा मला कळलं की मीही. अर्ध्या शटरखालून कोणाचे तरी पाय आले, जरा वेळ उभे राहिले आणि परत गेले. मी डोळे पुसले आणि पुढे वाचायला लागले. अजून पाचसहाशे शब्द शिल्लक होते.